वीस नावं एका कागदावर
(पाड्यावरच्या सभेतील भाषण)



२४ जानेवारी १९९३ ला अमेरिकेत थर्गुड मार्शल वारले. वय ८४. काळ्या लोकांचे वकील. त्यांचे पणजोबा गुलाम होते. त्यांची आठवण आम्ही आज का काढतो, ते सांगतो.

मार्शल बाल्टिमोर शहरातले. तिथल्या सरकारी वकिली कॉलेजात काळ्यांना घेत नव्हते. म्हणून ते रोज रेल्वेने वॉशिंग्टनला जाऊन शिकले. वकील झाल्यावर पुढे त्याच कॉलेजाविरुद्ध केस लढले, आणि १९३६ साली ते काळ्या मुलांसाठी उघडायला लावलं.

१९४६ साली टेनेसी राज्यात एक केस लढून ते रात्री परत निघाले होते. पोलिसांनी गाडी अडवली, दारू प्यालात असा खोटा आरोप ठेवला. सोबतच्यांना सांगितलं, तुम्ही पुढे जा. मार्शलना एकट्याला घेऊन पोलीस आडरस्त्याने नदीकडे वळले. पण त्यांचे साथी लुबी वकील पुढे गेले नाहीत. ते गाडी घेऊन मागे-मागेच राहिले. शेवटी पोलिसांना परत फिरावं लागलं. मार्शल जिवंत राहिले.

आता क्लॅरेंडनची गोष्ट. हा साउथ कॅरोलिनातला शेतीचा भाग. गोऱ्या मुलांच्या शाळेला ३० बसगाड्या, काळ्या मुलांना एक पण नाही. पिअर्सन नावाच्या काळ्या शेतकऱ्याने बससाठी दावा लावला. कोर्टात काय निघालं? त्याची जमीन हद्दीवर पडते, कर दुसऱ्या हद्दीत भरतो. दावा फेकला. गोऱ्यांच्या दुकानांनी, बँकांनी त्याची उधारी तोडली.

तेव्हा १९४९ साली मार्शल बोलले, एका नावावर लढणार नाही, वीस नावं आणा. आठ महिने लोक घरोघर फिरले. वीस नावं जमली. मागणी आता बसची नव्हती, बरोबरीच्या शाळेची होती. पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज. पेट्रोल पंपावरचं त्याचं काम गेलं, त्याच्या बायकोचंही गेलं. तरी दावा उभाच राहिला. बाकीच्या चार दाव्यांसोबत तो सुप्रीम कोर्टात गेला. १७ मे १९५४ ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला: काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा.

१९६७ साली मार्शल स्वतः त्याच कोर्टात न्यायाधीश झाले. पहिले काळे न्यायाधीश. पण निकालानंतरही क्लॅरेंडनच्या शाळेत कित्येक वर्षं फरक पडला नाही. कागद मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

एकटं नाव हद्दीच्या रेघेवर पाडता येतं. वीस नावं पाडायला जड जातात. म्हणून प्लॉटचा दावा एकेकट्याने लावायचा नाही, पाड्याने मिळून लावायचा. तारीख कुणाचीही असो, दहा जणांनी सोबत जायचं. कुणाला गाडीत घातलं, तर गाडीच्या मागे जायचं. ज्याचं काम सुटेल त्याच्या घरी दाणे पोचवायचे.

थर्गुड मार्शलना जिंदाबाद! ब्रिग्ज आणि पिअर्सनलाही जिंदाबाद!