खर्जाच्या तारेवरील थाप

पाश्चात्य वाद्यवृंदांत खर्जाची बाजू सांभाळणाऱ्या वाद्यास 'बास' म्हणतात. तें वाजत असतां त्याच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. तें थांबलें म्हणजे मात्र सारें गाणें अधांतरीं लोंबकळूं लागतें. घरांतल्या कर्त्या माणसासारखें मुकाट्यानें भार वाहणारें असें हें वाद्य. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत कांहीं वादकांनीं त्याच्या तारेवर अशी थाप मारली कीं, साऱ्या मैफलीनें मान वळवून पाहावें. या वादनप्रकारास इंग्रजींत 'स्लॅप', म्हणजे चापट, असें नांव आहे. त्या चापटीच्या नामांकित वादकांच्या शैली एकमेकींशेजारीं ठेवून पाहाव्या, असा आजचा बेत आहे.

तुलना म्हटली कीं माप आलें. तरुण मंडळींचें माप ठरलेलें असतें: एका दमांत कोण किती ठोके मारतो? वडील मंडळी निराळाच प्रश्न विचारतात: याला वाजविणें म्हणावें कीं ठोकणें? मुलगा खोलींत सराव करूं लागला म्हणजे या दोन मापांचा घराघरांत खटका उडतो, आणि कधीं कधीं वाद्यच माळ्यावर जातें. दोन्ही पक्ष पाहतात ते वादकाच्या हाताकडे. कानानें विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. हा ठोका कोणाच्या जागीं पडतो आहे? कोणती उणीव भरून काढतो आहे? आणि ती उणीव नसेल तेव्हां वादक आपला अंगठा आवरतो कीं नाहीं? याच मापानें आज मी पाहणार आहें.

ही थाप विजेच्या वाद्याच्या आधींची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहरीं जाझ संगीत आकारास येत होतें. तेथील 'डबल बास' म्हणजे माणसाहून उंच, उभें धरावयाचें, व्हायोलिनच्या घराण्यांतलें वाद्य. त्याच्या तारा आतड्याच्या, म्हणजे तांतीच्या. नाचाच्या जागीं कॉर्नेट, ट्रॉंबोन आणि ढोल यांचा गदारोळ, आणि ध्वनिवर्धक तर नव्हतेच. नुसतें बोटानें छेडून खर्ज शेवटच्या रांगेपर्यंत पोंचेना. तेव्हां वादक तार दांडीपासून दूर ओढून सोडूं लागला. ती लांकडावर आपटून 'टक्' असा आवाज होई. मग तारांवर तळहाताची चापट पडे, तिचा दुसरा 'टक्'. अशा रीतीनें स्वराबरोबर तालही त्याच हातांतून निघूं लागला.

पॉप्स फॉस्टर (१८९२-१९६९), वेलमन ब्रॉड (१८९१-१९६६) आणि मिल्ट हिंटन (१९१०-२०००) हे उभ्या बासाचे तीन नामांकित थापवाले. फॉस्टरची थाप दणकट. मात्रेमागून मात्रा ढकलीत साऱ्या ताफ्यास पुढें नेणारी. ब्रॉड हा १९२७ ते १९३५ पर्यंत ड्यूक एलिंग्टनच्या वृंदांत होता. तेथील रचना नक्षीदार असत. त्याची थापही त्या नक्षीच्या चौकटींत बसणारी, भारदस्त. हिंटननें कॅब कॅलोवेच्या वृंदांत १९३९ सालीं 'प्लकिन द बास' ही तबकडी केली. तींत मागच्या रांगेंतला बास पुढें येऊन बसला. त्याची थाप चपळ आहे, परंतु दाणा न् दाणा मोकळा ऐकूं येतो.

पुढें १९५४ सालीं मेंफिस शहरीं एल्व्हिस प्रेस्लीनें 'दॅट्स ऑल राइट' ही तबकडी केली, तेव्हां तेथें ढोलवाला नव्हताच. गायक, एक गिटारवादक आणि उभा बास घेतलेला बिल ब्लॅक, एवढेच काय ते तिघे. ढोलाची उणीव ब्लॅकच्या चापटीनें भरून काढली. थाप आणि उणीव यांचें नातें येथें उघड दिसतें.

मध्यंतरीं १९५१ सालीं लिओ फेंडर यांनीं विजेची बास गिटार बाजारांत आणली होती. तारा पोलादी, दांडीवर सतारीप्रमाणें पडदे, आणि आवाज विजेनें हवा तेवढा वाढविलेला. आतां ऐकूं जावें म्हणून तारेला चापट मारण्याचें कारण उरलें नाहीं. मग थाप परत आली कशी?

याचें उत्तर लॅरी ग्रॅहम याच्या चरित्रांत आहे. टेक्सास प्रांतांत १९४६ सालीं जन्मलेला आणि कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें वाढलेला हा मुलगा आईच्या साथीस बसे. आई पियानो वाजवून गाई. मुलगा गिटार वाजवी आणि पायानें ऑर्गनच्या खर्जाच्या पट्ट्या दाबी. एके दिवशीं ऑर्गन बिघडला, म्हणून त्यानें तात्पुरती बास गिटार भाड्यानें आणली. पुढें ढोलवालाही सुटला. तेव्हां जाड तारेवर अंगठ्याचा ठोका मारून तो मोठ्या ढोलाचें काम करूं लागला, आणि बारीक तार बोटानें खेंचून सोडून लहान ढोलाचें. आपल्या डग्ग्या-तबल्याच्या जोडीशीं ताडून पाहा: अंगठा हा डग्गा, आणि बोटाचा झटका ही तबल्याची चाट. घरच्या अडचणींतून निघालेली ही तोड पुढें साऱ्या जगानें उचलली.

ग्रॅहम नंतर 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या वृंदांत गेला. १९६९ च्या अखेरीस निघालेलें त्यांचें 'थँक यू' हें गाणें ऐकावें. वृंदांत आतां ढोलवाला होता. म्हणून ग्रॅहमनें ठोके वाढविले नाहींत, उलट विरळ केले. प्रत्येक ठोका जड, आणि दोन ठोक्यांमध्यें ऐसपैस जागा. त्याच्या शैलीचें सारें वजन त्या मोकळ्या जागेंत आहे.

लॉस एंजेलिसचा लुई जॉन्सन (१९५५-२०१५) हा त्याच्या पुढच्या पिढीचा. त्याचें टोपणनांवच 'गडगडाटी अंगठा' अशा अर्थाचें होतें. ग्रॅहमचा ठोका चालत येतो, तर जॉन्सनचा उडी घेऊन येतो. भावाबरोबर केलेल्या 'स्टॉम्प' या १९८० सालच्या गाण्यांत तो जोर अनुभवावा. परंतु मायकेल जॅक्सनच्या १९८२ सालच्या 'थ्रिलर' संग्रहांतलें 'बिली जीन' ऐका. तेथेंही बास याच गृहस्थाचा. पण अंगठ्याची थाप नाहीं, सारें बोटांनीं वाजविलेलें. त्या गाण्यास एकसारखीं, दबकीं पावलें हवीं होतीं. त्यानें तीं दिलीं. ज्याच्या अंगठ्यास गडगडाटाची पदवी मिळाली, त्यानेंच तो खिशांत ठेवला, हा संयम मला 'स्टॉम्प'मधल्या जोराइतकाच मोलाचा वाटतो.

यानंतर दोन समकालीन वादक शेजारीं ठेवूं. मार्कस मिलर हा १९५९ सालीं ब्रुकलिन येथें जन्मला. वडील चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत. माइल्स डेव्हिसचा १९८६ सालचा 'तुतू' हा संग्रह बहुतांशीं त्यानेंच रचला. मार्क किंग हा १९५८ सालचा, इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटाचा. 'लेव्हल ४२' या वृंदाचा गायक आणि बासवादक, पण मूळचा ढोलवाला. मिलरची थाप बोलते. ठोका मारूनही तो स्वर गळ्यांतून काढल्यासारखा वळवितो, वाक्य पुरें झालें कीं थांबतो, आणि पुढील वाक्याची वाट पाहावयास लावतो. किंगची थाप धांवते. वाद्य छातीशीं उंच धरून तो मात्रेचे चार तुकडे करतो आणि चारही भरून काढतो. तारा दाबणारा डावा हातसुद्धां मधूनमधून त्यांवर आपटून ठोक्यांत भर घालतो. जणुं तबल्याची लग्गीच. तरुण श्रोते त्याचा वेग मोजतात. मला नवल वाटतें तें निराळें: एवढें वाजवीत असतांनाच तो गातो, आणि गाण्याचा शब्द अडखळत नाहीं. ज्याच्या हातांत ढोल मुरला आहे त्यालाच हें साधावें.

फ्ली या नांवानें ओळखला जाणारा 'रेड हॉट चिली पेपर्स'चा वादक १९६२ सालीं मेलबर्न येथें जन्मला. स्टीव्ही वंडरच्या १९७३ सालच्या 'हायर ग्राउंड' या गाण्यांतला खर्ज मूळ विजेच्या स्वरपेटीवरचा. १९८९ सालीं फ्लीनें तो थापेनें वाजवून गाण्यास रांगडेपणा आणला. नांव झालें तें या आडदांड थापेमुळें. आणि १९९१ सालच्या पुढल्याच संग्रहांत त्यानें ती थाप जाणूनबुजून कमी केली. यशाच्या ऐन भरांत आपलें गाजलेलें हत्यार म्यान करणें सोपें नसतें.

व्हिक्टर वूटन (जन्म १९६४) हा पांच वादक भावांतला धाकटा; थोरल्या भावानें त्यास अगदीं बालपणीं शिकविलें. इतरांचा अंगठा तारेवर आपटून परततो. वूटनचा अंगठा खालीं जातांना एक आणि वर येतांना दुसरा, असे दोन आघात करतो. सतारीच्या मिजराबीचे 'दा' आणि 'रा' आठवा, म्हणजे युक्ति ध्यानांत येईल. १९९६ सालच्या 'अ शो ऑफ हँड्स' या संग्रहांत त्यानें एकट्या बास गिटारवर सारा डोलारा उभा केला. येथें वृंदांतल्या कोणा एकाची नव्हे, साऱ्या वृंदाचीच उणीव एका वाद्यानें भरून काढावयाची होती. म्हणून तेथें ठोक्यांची दाटी शोभते.

ही विद्या आतां आपल्याकडेही आली आहे. मुंबईची मोहिनी डे हिनें बासवादक वडिलांपासून धडे घेतले आणि थापेच्या वादनांत देशाबाहेरही नांव मिळविलें. तेव्हां हा विषय केवळ परदेशचा राहिलेला नाहीं.

तर श्रोतेहो, यांतलें एखादें गाणें मिळवून तीनदां ऐकावें. पहिल्यानें फक्त मोठ्या ढोलाकडे कान द्यावा. दुसऱ्यानें अंगठ्याचा ठोका हुडकावा, आणि तो ढोलाबरोबर पडतो कीं ढोलाला वाट देऊन मागून येतो हें पाहावें. तिसऱ्यानें दोन ठोक्यांमधली स्तब्धता ऐकावी. ग्रॅहम कोणता, मिलर कोणता आणि किंग कोणता, हें मग नांव न वाचतां कळूं लागेल.

आणि घरांतला मुलगा हें वाद्य ठोकीत असेल, तर तें माळ्यावर टाकूं नये. पण त्याला एकट्यालाही ठेवूं नये. बहिणीच्या गाण्यामागें, शेजारच्या तबल्याबरोबर त्याला बसवावें. थाप कशी मारावी हें सरावानें हातास येतें. ती केव्हां मारूं नये, हें मात्र सोबत्यांत बसल्यावांचून कळत नाहीं.