नाण्यावरील चित्रे

राज्याचे जाहीरनामे थोडेच लोक वाचतात. नाणे मात्र प्रत्येकाच्या हातात पडते. म्हणून नाण्यावर काय कोरावे, हा प्रश्न केवळ शोभेचा नसून विश्वासाचा आहे.

बेंगळूरमध्ये एके काळी टांकसाळ होती, हे आज फारसे कोणाच्या ध्यानी नसते. १८३३ मध्ये म्हैसूरची टांकसाळ तेथे हलविण्यात आली व १८४३ मध्ये बंद झाली. तेथे पडलेल्या नाण्यांमागे मोठी परंपरा होती. हैदरअली सत्ताधीश झाला, तेव्हा बेदनूरच्या नायकांच्या होनावरील शिवपार्वती त्याने तशाच ठेवल्या. मागील बाजूस आपल्या नावाचे केवळ एक फारसी आद्याक्षर घातले. ओळखीच्या मुद्रेलाच पेठेत पत असते, हे त्या निरक्षर पण चतुर सेनानीने जाणले असावे. टिपूने सोन्यावरील मूर्ती काढल्या. तांब्याच्या पैशावर मात्र हत्ती राखला. १७९९ मध्ये टिपू पडला. तिसऱ्या कृष्णराजांच्या होनावर शिवपार्वती परतल्या, पैशावरचा हत्तीही राहिला. त्याच्या माथ्यावर चंद्रसूर्य आले. शिवराईवर केवळ अक्षरे होती. म्हैसूरचा हत्ती अक्षरशत्रूलाही ओळखता येई. १८३१ मध्ये कंपनीने कारभार हाती घेतला. पुढे बेंगळूरच्या नाण्यांवर हत्तीच्या जागी सिंह आला. सिंह हे चामुंडीचे वाहन. पण त्याच नाण्यावर इंग्रजी अक्षरेही होती. सत्ता कोणाची, हे त्या अक्षरांनी सांगितले.

या दृष्टीने आफ्रिकेतील घानाचे उदाहरण बोधप्रद आहे. १९५७ मध्ये तो देश स्वतंत्र झाला व पुढच्याच वर्षी त्याच्या नाण्यांवर एन्क्रुमा यांची मुखाकृती झळकली. १९६६ मध्ये त्यांची सत्ता उलथली, आणि १९६७ च्या नव्या नाण्यांवर मुखाकृतीऐवजी कोको आणि नगारे दिसू लागले. पुरुष गेला, पीक आणि वाद्य राहिले.

भारताने १९५० मध्ये राजाचा मुखवटा उतरवून अशोकस्तंभाचे सिंह स्वीकारले. रुपयाच्या पाठीवर धान्याची कणसे आली. आण्यावर वृषभ व पैशावर अश्व आला, आणि हे दोन्ही त्याच स्तंभाच्या बैठकीवरील. कोणा एका व्यक्तीचे नव्हे, तर सर्वांचे असे काही नाण्यावर असावे, हाच त्यामागील विवेक होय. सत्ताधीशाचे चित्र त्याच्या सत्तेइतकेच टिकते. लोकांच्या ओळखीचे चित्र राज्ये बदलली तरी हातोहात फिरत राहते.