जुनं नाव, नवी होडी

आज थोडं घरचं बोलतो.

आमची लाकडी होडी गेल्या महिन्यात मोडीत काढली. तिच्यावर आजीचं नाव होतं. आता फायबरची नवी होडी आलीय. बाबा म्हणाले, "नाव तेच राहील." मला काही ते पटेना. ही ती होडीच नाही, मग तिचं नाव हिला कसं?

तेव्हा मला 'विक्रांत' आठवली. 1961 मध्ये नौदलात आलेली पहिली विक्रांत 1971 च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली, 1997 मध्ये निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत तिच्यावर संग्रहालय होतं. शेवटी तीही भंगारात गेली. मग 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत नवी विक्रांत दाखल झाली. नाव तेच, आर 11 हा क्रमांकही तोच. पण म्हणून जुनी परत आली असं नाही. तिचं काम लक्षात राहावं, म्हणून नाव पुढे आलं.

हे मी बाबांना सांगितलं. ते हसले. "अरे, तुझं नाव तरी कुणाचं? पणजोबांचंच ना!"

मी गप्प. ब्रश घेतला आणि आजीचं नाव मीच रंगवलं. जुन्या होडीची एक फळी मात्र घरी ठेवलीय.

तुम्ही काय केलं असतं? नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!