पेशंटसोबत कोण आहे?



आज प्रमाणपत्र हातात घेऊन फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन म्हणून बाहेर पडणाऱ्यांपुढे पाहुणा कॅन्सरवर बोलायला लागला, याचं नवल वाटेल. 'उद्योगातल्या संधी' यावर बोलावं अशी प्राचार्यांची अपेक्षा असणार. ते सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी मात्र नोकरीची सगळी वर्षं याच वागळे इस्टेटीत कामगारांच्या रजेचे अर्ज चाळत काढली. त्यांत एक कारण सारखं यायचं : 'गावाहून वडील आले आहेत, टाटाला न्यायचे आहे.' टाटा म्हणजे परळचं टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी हे घडून गेलं असेल. किसननगर, इंदिरानगर, सावरकरनगरच्या खोल्यांमधून अजूनही गाव नांदतं. पाटणला, महाडला, मुरबाडला कुणाच्या गळ्याला गाठ आली आणि तालुक्याच्या डॉक्टरने 'मुंबईला न्या' म्हटलं, की पहिला फोन इथल्या पुतण्याला येतो. पुतण्याला लोकल कळते, फॉर्म भरता येतो, आणि त्याच्या खोलीत भिंतीकडेला एक अंथरूण मावतं. टाटाबाहेरच्या फूटपाथवर पथारी टाकणाऱ्यांना हा पुतण्याही नसतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, यांनी किती कुटुंबांना छप्पर दिलं त्याला मोजदाद नाही. पण परळला येणारा लोंढा कुठल्याही धर्मशाळेच्या आवाक्याबाहेरचा आहे.

टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं. तिथले उपचार चांगले आहेत, यावर गावाकडच्या माणसाचा देवाइतका विश्वास आहे. त्याचा जीव दमतो तो उपचारांभोवतीच्या धावपळीत. रेडिएशनचं बघा. गावात त्याला 'लाईट देणं' म्हणतात. यंत्राखाली काही मिनिटंच झोपायचं असतं, पण आठवड्यातून पाच दिवस, आणि असे कित्येक आठवडे. त्या मिनिटांपायी सोबतच्या माणसाचा अख्खा दिवस जातो. तोंडाचा कॅन्सर असेल तर नाकातून नळी. मग कुणीतरी दर दोन-तीन तासांनी पातळ केलेलं अन्न गाळून त्या नळीतून सोडायचं, नळी धुवायची. केमोनंतर ताप आला तर रात्र आहे की पहाट हे न बघता हॉस्पिटल गाठायचं, कारण पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा घरातली सून. पुतण्या फाईल धरतो, सून माणूस धरते. आणि तीच आजारी पडली तर? तर ती दुखणं अंगावर काढते, उशिरा दवाखान्यात जाते, आणि बऱ्याचदा तिला माहेरचेच घेऊन येतात. हे बोलायला कडू आहे, पण रजेच्या अर्जांत मी 'बहिणीला न्यायचे आहे' जितकं वाचलं, तितकं 'बायकोला' वाचलं नाही.

हॉस्पिटलच्या खिडकीवर पहिला प्रश्न असतो, 'पेशंटसोबत कोण आहे?' सोबत कुणी नसेल तर काम अडतं. इतका महत्त्वाचा हा माणूस, पण सरकारी कागदांत त्याला शोधायला जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार होतात, ही मोठीच गोष्ट आहे. घरी परतण्याचं एसटीचं किंवा सेकंड क्लासचं भाडंही त्यात धरलेलं आहे, ते फक्त रुग्णाचं. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय घ्या. पगारातून ईएसआय कापला जायला लागला, की अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही वैद्यकीय सेवा मिळते, हे पहिल्या दिवशीच लक्षात ठेवा. कामगार हॉस्पिटल तर इथे वागळे इस्टेटीतच आहे. स्वतःला कॅन्सर झाला तर अटी पूर्ण केल्यावर पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. पण कॅन्सर वडिलांना झाला आणि त्यांच्यामागे फिरताना तुमचा पगार बुडाला, तर त्यासाठी रुपयाही नाही. सोबतच्या माणसाची दखल नीट घेतली ती रेल्वेने. उपचारांसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपरचं भाडं पूर्ण माफ, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलकडून तो फॉर्म भरून घ्यायचा. ही सवलत आहे हे माहीतच नसल्यामुळे पूर्ण भाडं भरणारे कितीतरी आहेत.

उपचार गावाजवळ आले तर हा भार हलका होतो. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. ग्रामीण कॅन्सर रुग्णांची देशातली पहिली नोंदणी १९८७ मध्ये त्याच बार्शीत सुरू झाली. बार्शीसारखी केंद्रं वाढवणं सरकारच्या हातात आहे आणि त्याला वेळ लागेल. तोवर शेजाऱ्यांनी काय करायचं, याचं उत्तर केरळने दिलंय. मलप्पुरम आणि आसपासच्या भागात १९९९ पासून साध्या लोकांनी, शिक्षकांनी, दुकानदारांनी, विद्यार्थ्यांनी आठवड्यातले दोन तास काढले, थोडं प्रशिक्षण घेतलं आणि आपल्याच वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्यांकडे जायला लागले. डॉक्टर आणि नर्स त्यांच्या पाठीशी असतात. २००८ मध्ये केरळ सरकारने वेदनाशामक सेवेचं धोरण आखलं, पण त्याआधी लोकांनी वाट पाडून ठेवली होती. आपल्याकडे गणपतीची वर्गणी जमवायला प्रत्येक गल्लीत मंडळ आहे. माणसं जमवण्याचं कसब आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता तुमच्याशी सरळ बोलतो. तुमच्यातला कुणी चार वर्षांत लाइन सुपरवायझर होईल. हाताखालचा एखादा पोरगा टाटाचं कारण सांगून शिफ्ट बदलून मागेल. त्याच्याकडे पुरावा मागण्याआधी शिफ्ट बदलून द्या. रजेचा अर्ज घेताना त्याला रेल्वेच्या फॉर्मबद्दल सांगा, आईवडिलांची नावं ईएसआयमध्ये घातलीत का विचारा. मित्राच्या खोलीवर पेशंट असेल तर 'काही लागलं तर सांग' म्हणून निघून येऊ नका, कारण तो कधीच सांगणार नाही. एखाद्या बुधवारची परळची खेप तुम्ही करा. मुलींनो आणि मुलांनो, दोघांनाही सांगतो, नळीने अन्न कसं द्यायचं ते नर्सकडून शिकून घ्या आणि रविवारी दुपारी त्या सुनेला दोन तास झोपू द्या. लेथवर मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या हातांना हे जड नाही.

इस्टेटीत नोकरी लागली की पहिल्या महिन्यात आपल्या खात्यातल्या पाच जणांची अशी एक तुकडी उभी करा, आणि तिच्यात मुकादमालाही घ्या. रजा त्याच्या सहीशिवाय मिळत नाही.