रांगेचा हिशेब



शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाने उभ्या असलेल्या या नाट्यगृहात स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. मालवाहतुकीचा संगणकीय सिम्युलेशनने अभ्यास करणारी परिषद पनवेलला भरते आहे, याचा मला फार आनंद आहे. हे गाव मालाच्या वाटेवरच वाढले. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून गलबतांनी खाडीत आलेला माल इथे उतरायचा आणि बैलगाड्यांनी घाट चढून पुण्याकडे जायचा. इथली गाडीची चाके एवढी नावाजलेली होती, की देशावरचे गाडीवान परतताना एक जोडी घेऊन जात. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली आणि तो माल आमच्या पेठेला टाळून निघून गेला.

तो परत आला १९८९ मध्ये, न्हावा-शेवा बंदर सुरू झाले तेव्हा. आज कळंबोलीचा पोलाद बाजार, तळोज्याची एमआयडीसी, कंटेनरची गोदामे, पुण्याचा द्रुतगती मार्ग आणि २०२५ च्या डिसेंबरात सुरू झालेला विमानतळ, सारे एकाच रस्त्यांच्या जाळ्यावर येऊन पडले आहे. या उभारणीत जमिनी गेल्या त्या इथल्या गावांच्या. त्यांच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, त्यात पाच जण हुतात्मा झाले. पुढे जे मागणार आहे, ते या गावांच्या वतीने मागतो आहे.

आधी एक हिशेब मांडतो. बंदराचे एक गेट धरा. कंटेनरचा नंबर, सील, कागद तपासून ट्रेलर आत सोडायला सरासरी दोन मिनिटे लागतात, म्हणजे तासाला तीस गाड्यांची क्षमता. गाड्या अनियमित येतात आणि तपासणीलाही कमी-जास्त वेळ लागतो. रांगशास्त्राच्या अगदी साध्या सूत्राने, तासाला चोवीस गाड्या आल्या तर प्रत्येकीला रांगेत सरासरी आठ मिनिटे थांबावे लागते. सत्तावीस आल्या तर अठरा मिनिटे. आणि एकोणतीस आल्या तर अठ्ठावन्न! गेट अजूनही पुरेसेच आहे, तरी पाच जादा गाड्यांनी रांग सातपटीहून अधिक वाढली. आमच्या वाहतूक व्यवसायातली अनुभवी माणसेसुद्धा इथे चकतात, कारण आम्ही सरासरीवर गाड्या लावतो.

प्रत्यक्षात गेट एक नसते. जहाजाची कट-ऑफ वेळ जवळ आली की निर्यातीचे कंटेनर एकदमच निघतात. जुलैच्या पावसात रस्ता तुंबतो, रिकामा कंटेनर परत करायला गेलेली गाडी यार्डातच अडकते. एवढ्या गुंत्यापुढे सूत्र थिटे पडते, आणि तिथेच तुमचे काम सुरू होते. आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांनी १९६१ च्या सुमारास जीपीएसएस ही सिम्युलेशनची भाषा तयार केली, तेव्हापासून रांगेतली एकेक वस्तू संगणकात चालवून पाहता येते. नवे गेट बांधावे की गाड्यांना वेळा नेमून द्याव्यात, हा प्रश्न काँक्रीट ओतण्याआधी सोडवता येतो. माझ्या मते आपल्याकडे तो फार वेळा ओतल्यानंतर विचारला जातो.

आता मागणे. सिम्युलेशनच्या प्रतिरूपात जहाजाचा धक्क्यावरचा वेळ मोजला जातो, क्रेनचा मोजला जातो, कारण त्याचे बिल कुणालातरी भरावे लागते. गेटबाहेरच्या ड्रायव्हरचा वेळ मात्र अनेकदा हिशेबाच्या बाहेरच राहतो. तो रस्त्याकडेला ट्रेलरच्या पेटीतून स्टो काढतो, भात चढवतो आणि पुढची गाडी हलली की अर्धा शिजलेला भात तसाच उचलून स्टिअरिंगवर बसतो. त्याची झोप गेली, खेप गेली, तरी कागदोपत्री खर्च शून्य. त्याच रांगेने शेजारच्या गावाचा रस्ता अडतो, शाळेची बस अडते. तुमच्या प्रतिरूपाची हद्द गेटच्या बाहेर न्या. ड्रायव्हरचे तास आणि गावाचा रस्ता हे दोन्ही खर्चाच्या रकान्यात लिहा. मग कोणता पर्याय स्वस्त, याचे उत्तर बदललेले दिसेल, असा माझा ठाम विश्वास आहे.

त्यासाठी लागणारी माहिती इथल्याच माणसांकडे आहे. म्हणून उद्याचे पहिले सत्र सभागृहात नाही, कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर आहे. बस सकाळी सातला इथूनच सुटेल. ड्रायव्हर, क्लीनर आणि गाड्या लावणारे सुपरवायझर आपल्याशी बोलायला थांबणार आहेत. वही आणि घड्याळ बरोबर असू द्या, आणि पहाटे किती वाजल्यापासून उभा आहात, हे त्यांना आवर्जून विचारा. नाश्त्याची सोय तिथेच, त्यांच्यासोबत केली आहे.