गादी, गाडी आणि गिऱ्हाईक

मी कवी माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. अशा माणसाने संगणक आणि जाहिरात यांवर बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण आज जे सांगणार आहे, त्याच्या मुळाशी शब्द आणि अर्थ यांचेच नाते आहे आणि त्या नात्याशी माझी जुनी ओळख आहे.

आमचे घराणे नदाफांचे. 'नदाफ' हा मूळ अरबी शब्द. अर्थ, कापूस पिंजणारा. मराठीत पिंजारी. माझे वडील पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव फिरत. तारेचा तो टणत्कार ऐकला की बायका जुन्या गाद्या अंगणात आणून टाकत. मी कॉलेजात गेलो आणि कवितेच्या नादी लागलो. धंदा टिकला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या सासरी. सांगलीच्या बाजारात एका बोळात त्यांचा गादी कारखाना आहे. 'कारखाना' हे पाटीवर. आत पाहाल तर कापूस पिंजायचे एक मशीन, दोन कारागीर आणि माडीवर सुई घेऊन बसलेली आपा. दाजी गेल्यापासून भाचा सगळे पाहतो.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचे पाणी दुकानात शिरले. फर्निचर वाळवता येते, लोखंड घासता येते. पुराच्या पाण्यात भिजलेला कापूस फक्त फेकता येतो. त्यातून उभे राहावे तोच २०२०ची टाळेबंदी आली. दोन वर्षांपूर्वी भाचा मला म्हणाला, "मामू, लोक फोमकडे गेले. आता गाळा भाड्यानं देतो आणि मोकळा होतो."

त्याने प्रयत्न केला नव्हता असे नाही. जाहिरातीचे काम करणाऱ्या एका तरुणाला पैसे देऊन त्याने दुकान इंटरनेटवर चढवले होते. त्या तरुणाने दुकानाच्या नावापुढेच 'बेस्ट मॅट्रेस सांगली' असे जोडून दिले आणि खालच्या मजकुरात 'मॅट्रेस, मॅट्रेस' असा जप केला. फोन येऊ लागले, पण ते कसले? "अमुक कंपनीची स्प्रिंगची गादी आहे का? दहा वर्षांची गॅरंटी देता का?" आमच्याकडे ना ती कंपनी, ना ती गादी. माणूस यायचा, बोळ पाहायचा आणि परत जायचा. शिवाय दुकानाच्या खऱ्या नावात असे शब्द घुसडणे गूगलच्या नियमात बसत नाही. नोंद बंद होऊ शकते. हे त्या तरुणाने सांगितलेच नव्हते.

माझी मुलगी पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. सुटीला आली तेव्हा तिने हे पाहिले आणि मला म्हणाली, "अब्बा, तुम्ही एकदा मराठीत 'गादी' असं शोधून बघा. मग रोमन लिपीत टाइप करून बघा." रोमन लिपीत टाइप केले आणि मला हसू आले. आपले लोक रोमन अक्षरांत मराठी लिहितात, तेव्हा 'गादी' आणि 'गाडी' एकसारखेच दिसतात. 'जुनी गादी दुरुस्ती' विचारणाऱ्याच्या पुढ्यात जुन्या मोटारी येऊन उभ्या राहणारच! बरे, देवनागरीत तरी एकच गादी आहे का? कोल्हापूरला छत्रपतींची गादी आहे, पेढीवर सराफाची गादी आहे, कुस्तीत मातीचा गट आणि गादीचा गट आहे. आणि आमची, झोपायची गादी.

मग यंत्राला कळते कसे? इथे मुलीने मला 'सिमँटिक सर्च' समजावला. त्याला आपण अर्थशोध म्हणू. पूर्वीचा शोध अक्षरे जुळवायचा. तुम्ही 'गाद्या' म्हणालात आणि दुकानाने 'गादी' लिहिले असेल, तर ते दोन वेगळे शब्द. मराठीत तर गादीला, गादीची, गाद्यांना अशी रूपे बदलतच जातात. अर्थशोध शब्दाच्या संगतीकडे पाहतो. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, हा विचार फर्थ नावाच्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडला. कवींना तो आधीपासून माहीत असावा. 'गादी'जवळ 'पैलवान' असेल तर अर्थ एक, 'उशी' असेल तर दुसरा.

यंत्र हे आकड्यांनी करते. वाङ्मयाचे डोंगर वाचून ते प्रत्येक वाक्यासाठी आकड्यांची एक रांग तयार करते. काही प्रारूपांत ३८४ आकडे, काहींत ७६८. ज्या दोन वाक्यांच्या रांगा एकाच दिशेला तोंड करतात, ती अर्थाने जवळची. 'वाकळ शिवून द्याल का' आणि 'गोधडी तयार करून मिळेल' यांत सारखा शब्द शोधून सापडणार नाही, पण दिशा जवळपास एक. अमरकोशाची रचना आठवा. तिथे शब्द अक्षरांच्या क्रमाने नसून अर्थाच्या कुळांनी बसवलेले आहेत. हे त्याचेच, पण न थकणाऱ्या यंत्राने केलेले काम म्हणा. गूगलने 'हमिंगबर्ड' नावाने २०१३ साली या दिशेने मोठे पाऊल टाकले. 'बर्ट' हे भाषाप्रारूप ऑक्टोबर २०१९मध्ये इंग्रजी शोधात आले आणि त्याच डिसेंबरात सत्तरहून अधिक भाषांत. त्यांत आपली मराठीही होती.

मी विचारले, "मग आता आपण काय लिहायचं?"

ती म्हणाली, "लिहायचं नंतर. आधी ऐकायचं."

तिने भाच्याच्या हातात एक वही दिली. महिनाभर दुकानात येणारा, फोन करणारा जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचे. नाव नाही, फोन नंबर नाही, फक्त प्रश्न. आपण सुधारून लिहायचे नाही. भाचा कुरकुरला, पण त्याने लिहिले. ती वही मी वाचली तेव्हा मला एखादा नवा कवितासंग्रह हाती आल्यासारखे वाटले. "पाठ धरतीय, कडक भरून द्या." "गादीत गोळे झालेत." "पोरगी हॉस्टेलला चाललीय, गुंडाळता येईल अशी पाहिजे." "बाळंतिणीला थंडी वाजतीय, जरा जाड." "सावरीची उशी मिळंल का?" "लोड-तक्के भाड्यानं देता का, सुपारी फोडायचा कार्यक्रम आहे." सबंध वहीत 'मॅट्रेस' हा शब्द कुठे आढळला नाही.

मग मुलीने दोन याद्या केल्या. एकीकडे वहीतले प्रश्न, दुसरीकडे दुकान जे जे काम करते त्याची भाच्याने सांगितलेली वाक्ये. बाजारात फुकट मिळणाऱ्या, अनेक भाषा जाणणाऱ्या एका प्रारूपातून तिने दोन्ही याद्या काढल्या आणि कोणता प्रश्न कोणत्या उत्तराच्या जवळ जातो ते पाहिले. गूगलच्या पोटात नेमके काय चालते ते आपल्याला दिसत नाही. पण आपल्या घरची तपासणी आपण करू शकतो, एवढाच तिचा उद्देश होता.

'गादीत गोळे झालेत' हे 'जुना कापूस पिंजून पुन्हा भरून देतो' याच्या शेजारी जाऊन बसले. शब्द वेगळे, गरज तीच. मात्र यंत्राचे सगळेच खरे मानू नका. 'फोम नको, कापूस पाहिजे' आणि 'कापूस नको, फोम पाहिजे' ही वाक्ये त्याने अगदी खेटून बसवली. नकार त्याला नीट पकडता येत नाही. गिऱ्हाईकाच्या पाठीला मात्र तो फरक पहिल्याच रात्री कळतो. म्हणून यादी यंत्राने लावली तरी शेवटचा हात माणसाचा हवा.

आता मुख्य गोष्ट. काही प्रश्न असे होते की त्यांच्याजवळ दुकानाचे एकही वाक्य जाईना. ते सगळे एकमेकांजवळ, एका कोपऱ्यात गोळा झाले. "वाकळ शिवता का?" "मऊ धोतरं आहेत, बाळाला दुपटं होईल का?" आणि तासगावहून फोन केलेल्या एका बाईंचा प्रश्न होता, "आईची लुगडी आहेत. टाकवत नाहीत. काही करता येईल का?" भाच्याने त्यांना सांगितले होते, "आम्ही जुने कपडे घेत नाही."

मी विचारले, "अरे, पण आपा माडीवर काय करते?"

तो म्हणाला, "ते काय, अम्मीचं घरचं काम. ओळखीचं कुणी आलं तर शिवते."

श्रोतेहो, घरचे काम! माझी बहीण लग्न होऊन त्या घरात आल्यापासून गोधड्या शिवते आहे. तिच्या शिवणीचे पैसे गल्ल्यात पडत, पण पाटीवर गोधडी नव्हती, हिशेबात नव्हती आणि भाच्याने सांगितलेल्या कामांच्या यादीतही नव्हती. त्याला दोष देताना माझीच जीभ अडखळली. सुई आणि दोरा मी माझ्या कवितांत कितीदा आणला आहे; पण आपाला एका गोधडीला किती दिवस लागतात, हे मी तिला कधी विचारले नव्हते.

त्या दिवशी विचारले. ती म्हणाली, "कापड किती जुनं त्यावर आहे. आणि साडी कुणाची, ते आधी विचारावं लागतं. आईची असली तर काठ कापायचा नाही."

हे वाक्य आम्ही जसेच्या तसे घेतले. दुकानाच्या गूगलवरच्या नोंदीतून 'बेस्ट मॅट्रेस' काढून खरे नाव ठेवले. मजकूर नवा लिहिला. कवी असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एकही उपमा न वापरता लिहिले. 'जुनी गादी पिंजून, नवी खोळ घालून भरून मिळेल. कापूस तुमच्यासमोर पिंजला जाईल. आईच्या, आजीच्या साड्यांची, लुगड्यांची गोधडी, म्हणजेच वाकळ, हाताने शिवून मिळेल. काठ कापला जाणार नाही. फोमच्या आणि स्प्रिंगच्या गाद्या आमच्याकडे नाहीत.' शेवटचे वाक्य भाच्याला नको होते. "नाही ते कशाला सांगायचं?" मी म्हणालो, "ज्याला फोम पाहिजे त्याचा फेरा वाचेल आणि आपल्याला शिव्या मिळणार नाहीत." दुकानाची वेळ, बोळात कसे यायचे ती खूण, पिंजण्याच्या मशीनचे आणि आपाच्या हातांचे फोटो घातले. आपाने चेहरा नको म्हटले, ते आम्ही मानले.

आसपासची दुकाने दाखवताना आपण तीन गोष्टी पाहतो असे गूगल सांगते. प्रश्नाशी दुकानाचा संबंध किती, अंतर किती आणि दुकानाची ख्याती किती. अंतर आपल्या हाती नाही. ख्याती सावकाश येते. संबंध तेवढा आपल्या हाती आहे आणि तो जपाने येत नाही, खरे सांगितल्याने येतो. किराणा, शिलाई, सायकल दुरुस्ती, कुठलाही धंदा असो, एक वही घ्या. संगणक जमला नाही तरी चालेल. महिनाभर गिऱ्हाईकाचे शब्द लिहा. कुठल्या प्रश्नासमोर आपण गप्प बसतो, ते पाहा. बहुधा तिथेच आपले एखादे काम उभे असते, ज्याला आपण काम म्हणत नाही.

तासगावच्या बाईंना भाच्याने आपणहून फोन केला. फोन नंबर वहीत नव्हता, पण त्याच्या मोबाइलात होता. त्या चार लुगडी घेऊन आल्या. आपाने प्रत्येक लुगड्याबद्दल विचारले, कुठले लग्नातले, कुठले रोजचे. रोजचे होते ते तिने वरच्या बाजूला घेतले. म्हणाली, "अंगाला हेच लागलेलं असतंय."

दुकान चालू आहे. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही. फोमवाल्यांचा बाजार मोठा आहे आणि कृष्णा अजून तिथेच वाहते. पण गाळा भाड्याने द्यायचे बोलणे थांबले आहे. माडीवर आता शेजारच्या दोघी आपाच्या हाताखाली शिकतात आणि गोधडीचा हिशेब वेगळ्या पानावर लिहिला जातो. त्या पानावर वर भाच्याने तिचे नाव घातले आहे.

परवा मी गेलो तेव्हा आपा सुईत दोरा ओवत होती. मला म्हणाली, "तुझी पोरगी म्हणते, ते मशीन शब्दाच्या मागचं समजतं. खरं का रे?"

मी म्हणालो, "थोडंफार."

"मग बरंय," ती म्हणाली. "माणसांना सांगायला लई दिवस लागले."