उत्तर आणि रीत



आम्ही शिक्षक गणितात नुसत्या उत्तराला पुरे गुण देत नाही, रीतही पाहतो. डॉक्टर किंवा परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनाही हीच कसोटी लावली पाहिजे.

१८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आकडे समोर असूनही अनेक नामांकित डॉक्टरांनी ते मानले नाही. विद्वत्तेची वाण नव्हती. पुरावा तोलण्याची सवय नव्हती.

ही सवय मोजावी कशी? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या बर्लिनच्या चाचणीत १५ बहुपर्यायी प्रश्न असतात. तपासणी सोपी, परंतु समोरच्या पर्यायांतून उत्तर ओळखणे निराळे आणि कोऱ्या कागदावर सुचणे निराळे. २००३ साली अमेरिकेतील फ्रेस्नोची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत रोग्याची हकीकत देतात. विद्यार्थ्याने नेमका प्रश्न स्वतः मांडायचा, उत्तर कोठे शोधणार ते लिहायचे आणि सापडलेले संशोधन विश्वासार्ह कसे, या रोग्याला लागू कसे, ते पारखायचे. ठरलेल्या निकषांनी २१२ पैकी गुण देतात. तपासनिसांना श्रम फार पडतात. पण रीत कळते. तरीही ती कागदावरचीच परीक्षा. खरी परीक्षा रोग्याच्या खाटेपाशी, वडीलधाऱ्या शिक्षकाच्या नजरेखाली!

म्हणून विश्वस्तांना विनंती, की शिष्यवृत्ती देताना गुणपत्रिका अवश्य पाहावी, सोबत एवढेही विचारावे, “शिकविलेली एखादी गोष्ट तुम्ही स्वतः पडताळून पाहिलीत काय? कशी?” उद्या आपलीच लेकरे त्यांच्या हाती सोपवायची आहेत.